खेळाचा समतोल, पण कोणाच्या मापाने?

ठाणे, विशेष प्रतिनिधी

मोबाइलवर अनेकांनी मिळून खेळायच्या खेळांत दर महिना-दोन महिन्यांनी एक गोष्ट न चुकता घडते. रात्री झोपताना जी बंदूक हुकमी वाटत होती, ती सकाळी अपडेट उतरवून घेतल्यावर बोथट झालेली असते. ज्या पात्राच्या जोरावर तीन महिने क्रमवारी चढत नेली, त्याची ढाल अर्ध्या सेकंदाने आखूड झालेली असते. खेळाडूंच्या बोलीत याला 'नर्फ' म्हणतात. उलट, एखादे दुबळे शस्त्र बळकट केले की तो 'बफ'. खेळ बनवणाऱ्या कंपन्या या दोहोंसाठी मिळून एकच सोज्वळ शब्द वापरतात, समतोल.

हा समतोल कोणाला विचारून साधला जातो, हा प्रश्न वडीलधाऱ्यांना पोरकट वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या खेळांना केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि ज्यांच्यासाठी 2025 मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला, त्यांचे नियम कोण ठरवतो, हे विचारणे आता टाळता येणार नाही. कबड्डीतील बोनस रेषा कोणी रातोरात एक हात पुढे सरकवली असती, तर महाराष्ट्रात काय गहजब झाला असता याची कल्पना करून पाहावी. मोबाइलवरील खेळांत अशी रेषा वर्षातून कित्येकदा सरकते आणि त्यावर खेळून पोट भरू पाहणारा मुलगा ती सरकल्याचे सकाळी वाचतो.

मानपाडा नावाची दोन ठिकाणे ठाणे जिल्ह्यात आहेत. एक घोडबंदर रस्त्यावरचे, उंच गृहसंकुलांच्या रांगेतले; दुसरे डोंबिवली पूर्वेचे, कल्याण-शीळ रस्त्यालगतचे, औद्योगिक वसाहतीच्या शेजारचे. (मेट्रो 4 आणि मेट्रो 12 या दोन्ही मार्गांच्या आराखड्यांत मानपाडा नावाचे स्थानक आहे, प्रवाशांचा पुढे होणारा घोळ आताच दिसतो आहे.) दोन्हीकडे संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात, चहाच्या टपरीमागे, बंद दुकानाच्या पायरीवर चार मुले माना खाली घालून बसलेली दिसली, की ती बहुधा एकाच चमूत, एकाच लढाईत असतात. दोन्हीकडे नवा महागडा फोन बाळगणारी मुले आहेत, तशीच थोरल्या भावाचा जुना फोन वापरणारीही आहेत. समतोलाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो तो या दोन फोनांमधील अंतरापासून. कंपन्यांच्या निवेदनात मात्र हे अंतर क्वचितच दिसते.

एका आकड्याची किंमत

समतोलाचे काम बाहेरून दिसते तसे 'जास्त आहे ते थोडे कमी करा' इतके सरळ नसते. एक साधे गणित घ्यावे. समजा, खेळातील प्रत्येक पात्राचे आयुष्य 100 गुणांचे आहे आणि एका बंदुकीची गोळी 34 गुणांची इजा करते. तीन गोळ्यांत 102 गुण होतात, प्रतिस्पर्धी बाद. आता निर्मात्यांनी ही इजा 34 वरून 33 वर आणली. बदल अवघा एका गुणाचा, टक्केवारीत जेमतेम तीन टक्के. पण तीन गोळ्यांचे आता 99 च गुण होतात आणि चौथी गोळी लागते. मिनिटाला 600 गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीत दोन गोळ्यांमध्ये एक दशांश सेकंद जातो. पहिली गोळी सुटल्यापासून बाद करेपर्यंत आधी दोन दशांश सेकंद लागत, आता तीन. म्हणजे तीन टक्क्यांच्या कपातीने बंदूक दीडपट संथ झाली. उलट, इजा 40 वरून 35 केली असती, तर आकडा पाचाने घसरूनही गोळ्या तीनच लागल्या असत्या आणि बदल कोणाला जाणवलाही नसता.

यामुळेच निवेदनातील 'किरकोळ सुधारणा' हे शब्द वाचून अनुभवी खेळाडू बिथरतात. त्यांचा आरडाओरडा नेहमीच अतिरेकी नसतो. आकडा किती बदलला यापेक्षा तो कोणता उंबरठा ओलांडून गेला, याला महत्त्व असते, आणि ते त्यांना अंगवळणी पडलेले असते.

आता या गणितात मानपाड्याची परिस्थिती घालून पाहावी. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि हे खेळ घराघरांत पोहोचले, हे खरे. परंतु स्वस्त इंटरनेट म्हणजे वेगवान प्रतिसाद नव्हे. फोनने पाठवलेला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास जो वेळ लागतो त्याला 'पिंग' म्हणतात. संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत, दाट वस्तीत, एकाच टॉवरवर भार आलेला असताना हा वेळ एक दशांश सेकंदाने वाढणे ही नवलाची गोष्ट नाही. वरच्या उदाहरणात बंदूक जेवढी संथ झाली, नेमका तेवढाच हा काळ. याचा अर्थ असा, की निर्मात्यांनी महिनाभर खल करून घडवलेला फरक एका गर्दीच्या टॉवरखाली क्षणात पुसला जातो, किंवा दुप्पट होतो. धावत्या लोकलमध्ये खेळणाऱ्याची कथा तर वेगळीच.

पडद्याचेही तेच. सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या फोनवर एक चित्र सुमारे 17 सहस्रांश सेकंद राहते; 120 चित्रे दाखवणाऱ्यावर त्याच्या निम्मे. टॅबलेटच्या आडव्या-उभ्या प्रमाणामुळे काही खेळांत रणांगणाचा अधिक भाग दिसतो, ही तक्रार तर खेळाडूंच्या तोंडी कायमची आहे. तेव्हा दोन बंदुकांमध्ये समतोल साधला, तरी त्या धरणाऱ्या दोन हातांमध्ये तो साधला जाईलच असे नाही. बंदुकीचा आकडा बदलणे कंपनीच्या हाती असते. फोनची किंमत बदलणे नसते. त्यामुळे चर्चा नेहमी पहिल्याचीच होते.

आकडे आणि अनुभव

निर्माते आणि खेळाडू यांच्यातील वादाचे मूळ बहुतेकदा एकाच ठिकाणी असते. दोघे वेगवेगळ्या उंचीवरून तोच खेळ पाहतात. कंपनीजवळ लाखो लढतींची नोंद असते. खेळाडूजवळ त्याच्या शंभर-दोनशे लढतींची आठवण. आता, ज्या लढतीत दोन्ही बाजू अगदी समान आहेत अशा शंभर लढती एखादा खेळला, तर 45 ते 55 यांमधील कोणत्याही संख्येइतके विजय त्याला मिळण्याचा संभव दहापैकी सातांहून थोडा अधिक असतो. म्हणजे 'हे शस्त्र बिघडल्यापासून मी हरतो आहे' असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या खेळाडूच्या अनुभवात शस्त्राचा वाटा किती आणि नशिबाचा किती, हे त्यालाही सांगता येणार नाही. या व्यवसायात नेहमी सांगितला जाणारा एक किस्सा आहे. 'लीग ऑफ लीजंड्स' या खेळात व्लादिमीर नावाच्या पात्राला कमजोर केल्याचे निवेदन निघाले, पण तो बदल चुकून खेळात उतरलाच नाही. तरीही त्या पात्राच्या विजयांचे प्रमाण घसरले. खेळाडूंनी वाचले आणि हात आखडले.

हा किस्सा कंपन्यांना फार प्रिय आहे आणि त्याचे कारण उघड आहे. खेळाडूंचे म्हणणे मनावर घेऊ नये, हे त्यातून सिद्ध होते असे त्यांना वाटते. वस्तुतः आकड्यांनाही तितकीच फसवण्याची सवय असते. एखादे अवघड शस्त्र फक्त मुरलेले खेळाडू वापरत असतील, तर त्या शस्त्राचे विजय जास्त दिसतील. त्यात श्रेय शस्त्राचे नसून हातांचे असते. नवशिक्या पहिल्या दिवशी जे शस्त्र उचलतो, त्याचे विजय कमी दिसतील. दोष त्याचाही नसतो. केवळ तक्ता पाहून पहिल्याला कापले आणि दुसऱ्याला फुगवले, तर मेहनत करणाऱ्याला दंड आणि न करणाऱ्याला बक्षीस असा प्रकार होतो. तक्ता काय झाले ते सांगतो. का झाले, हे विचारण्यासाठी कोणाशी तरी बोलावे लागते.

मग बोलावे कोणाशी? 'लीग ऑफ लीजंड्स'च्या रायट कंपनीने 2019 मध्ये याचे एक उत्तर जाहीर केले. तिने खेळाडूंचे चार गट पाडले : सर्वसाधारण, कुशल, अत्युच्च आणि व्यावसायिक. एखादे पात्र या चारपैकी कोणत्याही एका गटात प्रमाणाबाहेर भारी पडले, तर ते कमी करायचे. आणि चारही गटांत दुबळे ठरले, तरच ते वाढवायचे. या सूत्रात त्रुटी काढता येतील, पण एक गोष्ट त्यात मान्य केलेली आहे. एकच बदल सगळ्यांसाठी सारखा नसतो. तसेच मोजमापाची पट्टी आधी सांगितल्यामुळे वाद घालायला निदान एक जागा तयार झाली. आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या बऱ्याच खेळांत पट्टीच सांगितलेली नसते. केवळ मापलेले कापड हाती येते.

फिनलंडच्या सुपरसेल कंपनीची रीत निराळी. 'क्लॅश रॉयाल' या 2016 पासूनच्या तिच्या खेळात पत्त्यांचे बदल लागू होण्यापूर्वी जाहीर करण्याचा प्रघात आहे, आणि 'ब्रॉल स्टार्स'मध्ये निर्माते स्वतः चित्रफितींतून खेळाडूंशी बोलतात. 'हार्थस्टोन' या पत्त्यांच्या खेळाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. एखादा पत्ता कमजोर केला, की ठराविक मुदतीत तो मोडणाऱ्याला तो घडवण्याची पूर्ण किंमत खेळातील चलनात परत मिळते. म्हणजे नियम बदलण्याचा अधिकार कंपनीने राखला, पण त्या बदलाची भरपाई करण्याची जबाबदारीही स्वीकारली. हा मुद्दा आपल्याकडील पालकांना चटकन कळेल. मुलाने खाऊचे पैसे साठवून जे विकत घेतले, ते महिन्याभरात निकामी झाले तर विक्रेत्याकडे जाब मागता येतो का, एवढाच तो प्रश्न आहे. बहुतेक खेळांच्या अटींमध्ये उत्तर 'नाही' असे असते, आणि त्या अटींना मुलाने न वाचता होकार दिलेला असतो.

पुण्यातील प्रयोग

या साऱ्या चर्चेत भारतीय खेळाडू आजवर ऐकणाऱ्याच्या भूमिकेत होता. खेळ कोरियात किंवा चीनमध्ये बनायचा, बदल तिथेच ठरायचे आणि इंग्रजी निवेदन इथे वाचायला मिळायचे. या चित्रात फरक पाडण्याचा एक ठळक प्रयत्न महाराष्ट्रातूनच झाला. पुण्यातील सुपरगेमिंग या कंपनीने 2022 मध्ये 'इंडस' या बॅटल रॉयाल खेळाची घोषणा केली. रॉबी जॉन हे कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी. 'मास्कगन' हा नेमबाजीचा बहुखेळाडू खेळ तिने आधीच चालवला होता, त्यामुळे मोबाइलवरील बंदुकांचे दुखणे तिला नवे नव्हते. 'इंडस'च्या बाबतीत कंपनीने खेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता खेळाडूंना कच्च्या अवस्थेतच तो हाताळायला दिला. 2023 मध्ये पुण्यात निवडक खेळाडूंना बोलावून चाचण्या झाल्या, त्याच वर्षी निमंत्रितांसाठी मर्यादित चाचणी-आवृत्ती सुरू झाली आणि 16 ऑक्टोबर 2024 रोजी खेळ सर्वांसाठी प्रकाशित झाला. मधल्या वर्षभराहून अधिक काळात खेळ पुष्कळ बदलला. चार विरुद्ध चार अशी छोटी झटपट लढत प्रकाशनापूर्वीच त्यात आली.

लांबलचक बॅटल रॉयालमध्ये अशी छोटी लढत येणे वरकरणी साधे वाटते. पण मोठ्या लढतीत वीस-पंचवीस मिनिटे जातात. मध्येच फोन आला, बॅटरी उतरली, शिकवणीची वेळ झाली, की सगळे वाया. पाच-सात मिनिटांत आटोपणारी लढत ही इथल्या जगण्याशी जुळणारी सोय आहे. शिवाय नेमबाजीचा सराव आणि बंदुकांची तुलना अशा छोट्या लढतीतच नीट होते, म्हणून समतोलाच्या दृष्टीनेही ती उपयोगाची. 'इंडस'चा आणखी एक विशेष होता. शेवटच्या टप्प्यात कॉस्मियम नावाचा पदार्थ ताब्यात घेऊनही विजय मिळवता येई. सगळ्यांना संपवणे हाच एक मार्ग उरत नसे. जिथे एका कोपऱ्यात दडून बसणे हीच शहाणी चाल ठरते, तिथे असा दुसरा दरवाजा उघडणे म्हणजे बंदुकीच्या आकड्यांना हात न लावता खेळण्याची तऱ्हा बदलणे. बॅटल रॉयालचा समतोल अनेकदा असाच साधावा लागतो.

अर्थात या प्रयोगाच्या मर्यादाही दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. शहरात बोलावून घेतलेल्या चाचणीला कोण येऊ शकतो? ज्याला पुण्याचे भाडे परवडते, ज्याच्या घरी त्यासाठी दिवस मोडू देतात, ज्याचे नाव आधीच चार लोकांना ठाऊक आहे. तिथे चांगले फोन असतात, चांगले वाय-फाय असते. त्या खोलीत झालेला समतोल त्या खोलीपुरता खरा असतो. जगभर हेच घडते. निर्मात्यांच्या कानाशी लागलेले खेळाडू हे बहुधा व्यावसायिक तरी असतात किंवा खेळाचे थेट प्रक्षेपण करून नाव कमावलेले तरी. त्यांचे म्हणणे जाणकारीचे असते यात शंका नाही. पण प्रक्षेपण करणाऱ्याला प्रेक्षणीय लढत हवी असते आणि व्यावसायिकाला कसलेल्याचाच विजय होईल असा खेळ हवा असतो. नव्या मुलाला निदान पहिली दहा मिनिटे टिकता यावे असे वाटत असते. तिघांच्या तीन मागण्या, आणि त्यांतील तिसरा कधी बोलत नाही. तो खेळ सोडून देतो. कंपनीच्या तक्त्यात तो एक घटलेला आकडा होतो, आणि आकड्याला कारण विचारता येत नाही.

इथे भाषेचा मुद्दाही आहेच. बदलांची निवेदने बहुधा इंग्रजीत निघतात, त्यांवरची समीक्षा हिंदीत चालते. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला बंदुकीचा धक्का, गोळीचा पल्ला, इजेची घट या साऱ्या गोष्टी हाताला कळतात. त्या मांडून सांगण्यासाठी लागणारे शब्द मात्र उसनेच घ्यावे लागतात. चाचणीनंतर भरून द्यायची प्रश्नावली मराठीत असली, तर तिच्यातून येणारी उत्तरेही वेगळी असतील.

मैदानात काय होते

नियम बदलून खेळ रंगतदार करणे ही काही मोबाइलची मिरास नाही. कबड्डी हे त्याचे घरचे उदाहरण. मैदानात सहा किंवा अधिक बचावपटू असतानाच बोनस रेषेचा गुण मिळतो, कारण गर्दीत शिरण्याच्या धोक्याचे ते मोल आहे. प्रो कबड्डीत तीन किंवा त्याहून कमी खेळाडूंनी चढाईपटूला धरले तर जादा गुण मिळतो. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या, की तिसरीत गुण आणावाच लागतो. पहिल्या नियमाने पडत्या संघाला हात दिला, दुसऱ्याने वेळकाढूपणाला लगाम घातला. खेळ-निर्मात्यांच्या भाषेत सांगायचे तर एक 'बफ', दुसरा 'नर्फ'. 2022 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात बालेवाडीला सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने कोणत्याही दिशेला धावण्याची मुभा असलेला 'वजीर' आणला, तेव्हा जुन्या खो-खोप्रेमींनी नाके मुरडली. पण वजीर येणार हे संघांना आधी ठाऊक होते. त्यानुसार सराव झाला आणि संपूर्ण हंगाम त्याच नियमाने खेळला गेला.

क्रिकेटमधील वाद अजून ताजा आहे. आयपीएलमध्ये 2023 पासून 'इम्पॅक्ट प्लेयर'चा नियम आला. धावांचा पाऊस पडू लागला, प्रेक्षक खूष झाले. रोहित शर्माने एप्रिल 2024 मध्ये एका मुलाखतीत स्पष्टपणे सांगितले, की हा नियम आपल्याला फारसा रुचत नाही, कारण त्यामुळे अष्टपैलू खेळाडूंची वाढ खुंटते. क्रिकेट अकरा जणांचे आहे, बारा जणांचे नव्हे. ज्याच्या आईवडिलांनी डोंबिवलीत एका खोलीत संसार केला, तो भारताचा कर्णधार म्हणून हे बोलत होता, तरी नियम राहिला. म्हणजे खेळाडूचे मत ऐकले जाते आणि मानले जात नाही, हे वास्तव मैदानातही आहेच. फरक एवढाच, की तिथे नियम कोणी केला, कधीपासून लागू झाला आणि कधीपर्यंत राहणार, हे सर्वांना ठाऊक असते. हंगामाच्या मध्यात, उपांत्य सामन्याच्या आदल्या रात्री, बॅटची रुंदी बदलत नाही.

मोबाइलवरील खेळाडूंना याहून मोठे धक्के पचवावे लागले आहेत, हेही नोंदवायला हवे. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्राने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली. त्याचा भारतीय अवतार 'बीजीएमआय' जुलै 2021 मध्ये आला, 28 जुलै 2022 रोजी अॅपच्या दुकानांतून अदृश्य झाला आणि मे 2023 मध्ये तीन महिन्यांच्या प्रायोगिक परवानगीवर परतला. परतताना अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास अशी मर्यादा लागली. 'फ्री फायर'वर फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली. बंदुकीची इजा एका गुणाने घटली म्हणून रागावणाऱ्या मुलांनी संपूर्ण खेळच नाहीसा झालेला पाहिला आहे. सुरक्षेच्या कारणांवर इथे वाद घालण्याचे प्रयोजन नाही. परंतु ज्यांनी त्यावर शिक्षण मागे टाकून दोन-दोन वर्षे घातली होती, त्यांच्याशी त्या दहा महिन्यांत कोणी बोलले नाही, ना कंपनीने नीट, ना सरकारने.

'पूर्वनिश्चित नियम' म्हणजे काय?

आता कायद्याकडे वळू. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर त्याने बंदी आणली, म्हणून त्याची चर्चा त्याच अंगाने झाली. पण याच कायद्यात ई-क्रीडेची व्याख्या आहे. स्पर्धा संघटित हवी, निकाल शारीरिक चापल्य, बौद्धिक तत्परता, डावपेच अशा कौशल्यांवरच ठरायला हवा आणि ती 'पूर्वनिश्चित नियमांनी' बांधलेली हवी, असे त्यात म्हटले आहे.

पूर्वनिश्चित, पण कोणी निश्चित केलेले? फुटबॉलचे नियम कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. मोबाइलवरील खेळाचा चेंडू, मैदान, पंच आणि नियमपुस्तक यांची मालकी एकाच कंपनीकडे असते, आणि त्यांपैकी काहीही ती केव्हाही बदलू शकते. मोठ्या स्पर्धांनी यावर तोडगा काढला आहे. 2023 मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-क्रीडा प्रथमच पदकांसाठी खेळली गेली, तेव्हा मोबाइलवरील काही खेळांची खास 'आशियाई स्पर्धा आवृत्ती' तयार करण्यात आली होती. बॅटल रॉयालच्या आवृत्तीत तर खेळाडू एकमेकांवर गोळ्या झाडण्याऐवजी लक्ष्ये टिपत शर्यत धावत होते. खेळाचे नाव तेच, खेळ निराळा. पण तो सर्वांसाठी सारखा आणि आधी ठरलेला होता.

ही सोय मोठ्यांना मिळते. कल्याण-डोंबिवलीत किंवा ठाण्यात एखाद्या मंडळाने सुट्टीत मोबाइल-खेळांची स्पर्धा भरवली, वर्गणीतून बक्षीस ठेवले, शनिवारी साखळी आणि रविवारी अंतिम फेरी असा बेत आखला, आणि मध्येच अपडेट आले, तर आयोजकाला काही करता येत नाही. बहुतेक खेळांत नवी आवृत्ती उतरवल्याशिवाय प्रवेशच मिळत नाही; जुनी आवृत्ती दोन दिवस तशीच ठेवण्याची मुभा कंपनी त्याला देत नाही. ज्यांचे इंटरनेट वेगवान ते सकाळी नव्या बंदुकीवर हात बसवून येतात. ज्यांच्या फोनमध्ये जागा नाही ते मैदानातच छायाचित्रे खोडत बसतात. कायद्यातील व्याख्या या स्पर्धेपर्यंत उतरवायची असेल, तर बदलाची निदान काही दिवसांची पूर्वसूचना, बदललेल्या प्रत्येक आकड्याची जुन्यासह नोंद आणि नोंदणीकृत स्पर्धेसाठी आवृत्ती गोठवण्याची सोय, एवढ्या तीन गोष्टी कंपन्यांकडून मागता येतील. यातील एकीसाठीही नवे तंत्रज्ञान लागत नाही. पहिल्या दोन गोष्टी परदेशांत काही कंपन्या आपणहून करतात, तिसरी त्या मोठ्या स्पर्धांसाठी करतात. मागणी करायची तर ती कोणाच्या नावाने करायची, हे मात्र ठरलेले नाही. कबड्डीपटूंना जिल्हा संघटना आहे, तिच्यावर चिडण्याची सोय आहे. मानपाड्याच्या जिन्यात बसलेल्या चौघांना सध्या अॅपच्या दुकानात एक तारा देऊन शिवी लिहिण्यापलीकडे जागा नाही, आणि त्या तक्रारींची सरासरी काढून कंपनी पुढचा समतोल ठरवते.